रविवारचा खटला

प्रभाकरराव गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आयर्लंडमधल्या मलिंगारच्या त्या स्वयंपाकघरात नेहमीसारखी अमेरिकेची राज्यघटना निघाली. घर त्यांच्या मुलीचं, वृंदाचं. फोनवर, व्हिडिओ कॉलच्या पलीकडे, मुलगा शैलेंद्र. तो अमेरिकेतल्या ज्या राज्यात राहायचा, त्या राज्यानं केंद्राचे काही बंदूक-कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले होते. ते राबवणाऱ्या स्थानिक पोलिसांच्या खात्याला वर दंड. प्रकरण कोर्टात होतं. नागपूरच्या लॉ कॉलेजात जन्मभर घटना शिकवलेल्या माणसाला एवढं निमित्त पुष्कळ होतं.

“काय सांगून राहिला बे तू?” प्रभाकरराव म्हणाले. “आमचे पोलीस तुमच्या कामाला देत नाही, असं राज्यानं खुशाल म्हणावं. पण केंद्राचा कायदाच रद्द? तो अधिकार दिला कोणी?”

“बाबा, बंदूक बाळगायचा हक्क घटनेत आहे. केंद्रच तो तुडवतंय, तर राज्यानं गप्प बसायचं?”

“तुडवला की नाही, ते कोर्ट ठरवेल. तुमची विधानसभा नाही.”

“तुमच्याकडे साध्या पोलिसाकडेसुद्धा बंदूक नसते. तुम्हाला काय कळणार!”

“म्हणून तर रोज सकाळी बिनधास्त त्याची विचारपूस करतो. तो म्हणतो, ग्रँड, म्हणजे एकदम मस्त.”

शैलेंद्र खो खो हसला. मग दोघांनीही वृंदाला साकडं घातलं, “न्यायमूर्ती, बोला!”

“निकाल राखून ठेवला,” कांदा चिरता चिरता ती म्हणाली. दर रविवारी ती हेच म्हणायची. आई गेल्यापासून बापलेकांत बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. वादाला धार चढली की दोघंही खुलायचे. त्यात आपण कशाला मिठाचा खडा टाका, असं तिला वाटे.

शैलेंद्रच्या मागे त्याची सात वर्षांची ईशा पलंगावर उड्या मारत होती. पलंगालगतच्या खणात त्याचं पिस्तूल असायचं, भरलेलं. खणाला कुलूप नव्हतं. वेळ आली तर किल्ली शोधत बसू का, असं तो मागे एकदा म्हणाला होता. वृंदाची नजर त्या खणावर गेली आणि तिनं ती कांद्याकडे वळवली.

सोमवारी प्रभाकरराव ब्रेड आणायला गेले आणि कालव्याच्या कडेला कोसळले. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. वृंदा लिक्सलिपच्या कारखान्यातल्या कामावरून हॉस्पिटलात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

शैलेंद्र आला. अंत्यविधी झाले. माणसं पांगल्यावर बहीणभाऊ त्याच स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले.

“बाबांचं बरोबर निघालं,” तो म्हणाला. “कोर्टानं राज्याचा कायदा उडवला. त्यांना सांगायचं राहून गेलं.” त्यानं कप बाजूला सारला. मग सवयीनं सरसावून बसला. “पण वृंदे, अपिलात बघ. मुद्दा असा आहे की राज्याचे अधिकार—”

“दादा, थांब.”

तो थांबला.

“कोर्ट काय म्हणेल ते म्हणू दे. तुझ्या उशाशी भरलेलं पिस्तूल आहे आणि ईशा तिथेच खेळते. मला भीती वाटते, दादा. प्रत्येक रविवारी वाटायची. ते घरातून काढ.”