फ्रीजमागची गोधडी

फ्रीजमध्ये पाण्याच्या नऊ बाटल्या होत्या. त्यांतल्या चारांवर पोरींची नावं चिकटवलेली. कालच्या वरणाचं पातेलं, आंबट वास मारणारं दही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर, अर्धं कलिंगड आणि सात लिंबं. दारात अंड्यांसाठी सहा खाचा होत्या. या घरात अंडी येत नसत, त्यामुळे पाच खाचा कायम रिकाम्या आणि सहावीत मनिषाची इन्शुलिनची बाटली. आज पाहिलं तर सहावीही रिकामी होती.

मालविकानं मधल्या खणातल्या पाण्यात थर्मामीटर सोडला आणि दार लावून थांबली. थोड्या वेळानं पाहिलं तर पारा सव्वीसवर. बाहेर मे महिन्याचं लातूर बेचाळीसवर तापलेलं, त्यामुळे सव्वीस अंशांचं पाणीसुद्धा घशाला गार लागत होतं. फ्रीज नेमका किती बिघडलाय ते त्यामुळे घरात कुणाला कळलं नव्हतं.

थर्मामीटर तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती त्याच कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांचे प्रयोग करून घेत असे. काल मेकॅनिक आला, फ्रीजला दोन थापा मारल्या, ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला. त्यानं फ्रीज तसूभर हलवला नव्हता, काही मोजलं नव्हतं. तेव्हापासून तिचं डोकं तापलेलं होतं.

“आई, मनिषाची बाटली कुठंय?”

इंदूताई ओट्याशी भाजी चिरत होत्या. “वर, बर्फाच्या खणात. खाली काही गारच राहीना. म्हटलं पोरीचं औषध आहे, नासायला नको.”

“कधीपासून?”

“झाले असतील पंधराएक दिवस. पण सकाळी मी आठवणीनं काढते हं. नळाखाली धरते जरा. तसलं बर्फागत टोचलं तर दुखेल तिला.”

मालविकानं बर्फाचा खण उघडला. रात्री हवा जरा गार झाली की तेवढ्या खणात बर्फ धरायचा आणि दुपारी तो अर्धा विरघळायचा. बाटली त्या चिखलातच पडली होती. तिनं ती पुसली, तळहातांमध्ये फिरवली, उजेडात धरली. ते इन्शुलिन फिरवल्यावर एकसारखं दुधाळ दिसायला हवं. इथं पांढरे कण काचेला चिकटून बसले होते, थंडीत खिडकीवर दव गोठावं तसे, आणि मधे नुसतं पाणी.

“आई, हे एकदा गोठलं की मेलं. नळाखाली धरून जिवंत होत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती पोरगी दोन आठवडे पाणी टोचून घेतेय.”

विळीवरचा हात थांबला. मनिषाबद्दल इंदूताई आधीच फार बोलून बसल्या होत्या.

मालविकाचे वडील दत्तोपंत निवृत्त शिक्षक. समोरच्या दोन खोल्या त्यांनी बारावीच्या चार पोरींना दिल्या होत्या. सगळ्या लातूरभर असंच होतं. ज्याच्याकडे भिंत आणि छप्पर, त्याच्याकडे क्लासची पोरं. मनिषा उदगीरकडची, चौघींत सगळ्यांत हुशार. आठवड्यापूर्वी ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर तीनशे बारा. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं, आणि त्याच संध्याकाळी इंदूताईंना पोरींच्या कॉटखाली पेढ्यांचा रिकामा डबा सापडला. पेढे दुसऱ्या मुलीच्या चाचणीतल्या मार्कांचे होते, हे कुणी विचारलंच नाही. इंदूताईंनी मनिषाच्या घरी फोन केला: तुमची मुलगी चोरून गोड खाते, आम्हाला ही जोखीम झेपायची नाही. तिची आई रविवारी तिला न्यायला येणार होती. नेली की क्लास गेला, क्लास गेला की डॉक्टरकीची परीक्षा गेली. आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय ठरतं ते मनिषाला सांगावं लागत नव्हतं. गेले तीन दिवस ती कुणाशी बोलत नव्हती.

मालविका बाटली घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ती उजेडात धरली, फेकून द्यायला सांगितली आणि साखर चढल्यावर वाढवलेला डोस नव्या बाटलीसाठी कमी करून लिहून दिला. रोज येऊन दाखवा म्हणाले. नवी बाटली तिनं मातीच्या छोट्या मडक्यात ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळलं. तेवढ्यावर दोन दिवस निघाले असते. पण मडक्यातही पारा पंचविसाच्या खाली येईना, आणि उन्हाळा अख्खा पडला होता.

मग तिनं फ्रीज हाती घेतला.

स्टॅबिलायझरचा काटा दोनशे वीसवर होता, म्हणजे वीज बरी होती. दाराचं बटण दाबलं की आतला दिवा विझत होता, म्हणजे दार लावल्यावर तो आत तापवत नव्हता. दाराच्या रबरात तिनं वहीचा कागद धरून ओढून पाहिला, चारही बाजूंनी. कागद घट्ट धरला जात होता, म्हणजे गारवा तिथून गळत नव्हता. गारव्याचं बटण कुणीतरी शेवटच्या आकड्यापर्यंत पिळून ठेवलं होतं. मग ती जमिनीवर बसली आणि कान लावला. कॉम्प्रेसर सुरू झाला, घुमला, आणि थोड्याच वेळात टक् करून बंद पडला. गेलेला कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. हा सुरू होत होता, तापत होता आणि स्वतःला वाचवायला थांबत होता.

तिनं फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. हात आत जाईना. बोटांना कापड लागलं, इस्त्री आत्ताच फिरवल्यासारखं.

“बाबा, फ्रीजमागं काय कोंबलंय?”

दत्तोपंत बाहेरच्या खोलीतून आले. “गोधडी आहे. मी घातली.”

“कशाला?”

“तुला माहीत नाही कशाला?”

तिला माहीत होतं. महिन्यापूर्वी, सगळे झोपलेले असताना, फ्रीज बंद होताना थरथरला आणि वर ठेवलेली ताटं खणखणली. पोरींपैकी एक किल्लारीकडची. ती किंचाळत रस्त्यावर पळाली आणि तिच्यामागं सगळं घर, सगळी गल्ली. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती, तरी लातुरात भांडं वाजलं की पाय आधी दाराकडे जात आणि डोळे मागून उघडत. दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी जुनी गोधडी घडी करून फ्रीजमागं ठासली आणि लोखंडी पट्टीचे बोल्ट आवळून फ्रीज भिंतीला चिकटवला. पट्टी जुनीच होती. घरातल्या प्रत्येक उंच वस्तूला ती होती.

“काढा ती.”

“पट्टीला हात लावायचा नाही.”

“बाबा, फ्रीज गारवा बनवत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तुम्ही त्या जाळीवर पांघरूण घातलंय. ती उष्णता जाणार कुठं?”

“मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं शिकवलंय मी.”

“इतिहास शिकवलाय.”

“पदवीबरोबर जीभही दिली वाटतं कॉलेजनं.” त्यांनी खुर्ची ओढली, फ्रीजसमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. “तुझी आत्या, शकूताई, भूकंपात भिंतीखाली गेली नाही. भिंत उभी होती. कपाट आडवं झालं दारावर. दार आतून उघडेना. दुपारी मी पोचलो तेव्हा कपाटाच्या पत्र्यावर आतून ठोकल्याचे पोचे होते. तू ते पाहिलेले नाहीस.”

ही गोष्ट त्यांनी घरात कधीच सांगितली नव्हती. मालविकाच्या आत काहीतरी हललं, पण राग त्याच्यावर बसलेला होता आणि उठायला तयार नव्हता.

“आत्याच्या दारावर कपाट पडलं म्हणून ही पोरगी मारायची का आपण?”

“मालू.” इंदूताई दारातून म्हणाल्या.

“तू बोलू नकोस, आई. मागं तापलं म्हणून आत गार होईना, गार होईना म्हणून तू बाटली बर्फात टाकलीस, ती मेली म्हणून पोरीची साखर चढली, आणि फोन कुणाच्या नावानं केलास? तिच्या. पोरी सांगत होत्या, ती तुला म्हणाली होती ना, काकू, औषध दूध नासल्यासारखं दिसतंय? काय म्हणालीस तू?”

इंदूताईंनी पदर तोंडाशी नेला. “नीट हलव म्हणाले.”

दत्तोपंत खुर्चीवरून उठले. रागानं उठले; चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. माळ्यावरून पाना आणला आणि तिच्या हातात न देता स्वतःच बोल्टला लावला. “थरथर थांबव त्याची,” ते म्हणाले. “पुन्हा वाजलं, तर मी फ्रीज अंगणात फेकीन आणि तुलाही बाहेर उभी करीन.”

फ्रीज पुढे ओढला. गोधडी निघाली ती एका बाजूनं तपकिरी पडलेली. मागची जाळी केसांनी आणि धुळीनं बुजून घोंगडीसारखी झाली होती. मालविकानं आधी प्लग काढला, मग रंगाच्या जुन्या ब्रशनं जाळी वरून खाली साफ केली. वरच्या खणातला बर्फ सुरीनं न खरवडता दार उघडं ठेवून आपोआप वितळू दिला. खरवडताना नळी फुटली की वायू निघून जातो आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं.

थरथरीचं कारण तिला खाली सापडलं. फरशी एका कोपऱ्यात खचलेली, त्यामुळे पुढचा एक पाय अधांतरी होता. तो पाय फिरवून तिनं लांब केला, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. वरची ताटं उतरवून ओट्यावर ठेवली. मग भिंत आणि फ्रीज यांच्यामध्ये वीतभर जागा सोडून लाकडाचे दोन ठोकळे लावले आणि पट्टी त्यांच्यावरून घेतली, म्हणजे फ्रीज पुढे पडणार नाही आणि मागं टेकणारही नाही. बोल्ट दत्तोपंतांनी आवळले. गारव्याचं बटण तिनं मधल्या आकड्यावर आणलं आणि प्लग लावला.

दत्तोपंत वाटीभर पाणी फ्रीजवर ठेवून उभे राहिले. कॉम्प्रेसर सुरू झाला, बराच वेळ घुमत राहिला, बंद झाला. वाटीत एक वर्तुळ उठलं आणि विरलं. ते वाटी उचलून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी पाच अंशांवर होतं. मालविकानं इन्शुलिनची बाटली मडक्यातून काढून दारातल्या खाचेत ठेवली आणि बर्फाच्या खणावर कागद चिकटवला: इथे औषध ठेवू नये. अक्षरं गरजेपेक्षा मोठी काढली.

रविवारी सकाळच्या एसटीनं सरजाबाई आल्या. मनिषाची आई. पायरीवर चपला काढल्या पण आत येऊन बसल्या नाहीत.

“कुठाय ती? सामान भर गं मनिषा.”

“मावशी, थांबा. चूक तिची नाही.” मालविकानं जुनी बाटली मुद्दाम ठेवली होती. नवी शेजारी धरून दोन्ही फिरवल्या आणि दाखवल्या. मग मागं वळून म्हणाली, “आई, बाहेर ये.”

इंदूताई आल्या. जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. बर्फाचा खण, नळ, पेढ्यांचा डबा.

सरजाबाईंनी ऐकून घेतलं. “म्हंजे औषध तुमी गोठवलं अन् पेढे माझ्या पोरीनं खाल्ले.”

“माझं चुकलं हो. मी चांगल्यासाठीच—”

“चांगल्यासाठी फोन केला व्हय? तुमच्या घरात ठेवून घेतली, तिची बाटली तुमच्या फ्रीजात ठेवू दिली, म्हणून आमी लई उपकार मानून राहिलो. तुमी म्हणलात पोरगी गोड खाती, आमी मान खाली घातली. ती फोनवर रडून रडून सांगायली, आये, म्या न्हाई खाल्लं. अन् मी काय म्हणलं? खोटं बोलू नगं. माझ्या पोरीपरीस तुमच्यावर इस्वास ठेवला मी.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि म्हणून इंदूताईंना वर बघता येईना.

मनिषा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात अर्धी भरलेली पिशवी.

“ती आता जे टोचायली ते नवं हाय का?” सरजाबाईंनी मालविकाला विचारलं.

“हो. डॉक्टर म्हणाले, बुधवारी रक्त तपासू. उतरली तर राहू द्या तिला. नाही उतरली तर मी स्वतः उदगीरला आणून सोडते.”

“तुमी काय आणून सोडता. मीच हाय हितं बुधवारपातुर. बाटलीजवळ.”

आणि त्या खरंच राहिल्या. फ्रीजसमोर सतरंजी टाकली आणि तिथंच बसल्या. घरातल्या कुणीही फ्रीजच्या दाराला हात लावला की विचारत, “काय पायजे?” दत्तोपंत दुपारी पाण्याला आले तेव्हा त्यांनाही विचारलं.

“पाणी.”

“घ्या. अन् दार लवकर लावा.”

दत्तोपंतांनी आयुष्यात स्वतःच्या घरात असं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पण त्यांनी बाटली घेतली आणि दार लावलं. इंदूताईंनी दोनदा जेवायला बोलावलं. सरजाबाईंनी दोन्ही वेळा फडक्यातली भाकर सोडून लेकीबरोबर तिथंच खाल्ली. मालविका पारा बघायला आली की तेवढी त्यांची नजर जरा सैल व्हायची. “किती?” “पाच.” “अन् आता?” “पाचच.” एवढंच बोलणं.

“ताई, उतरली न्हाई तर?” मंगळवारी संध्याकाळी मनिषानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नव्हतं.

“तर दुसरं कारण शोधू.”

“आई थांबायची न्हाई तोवर.”

मालविकानं उठून फ्रीज उघडला आणि पुन्हा पारा पाहिला.

बुधवारी मनिषा उपाशीपोटी गेली, रक्त दिलं, आणि आईला घेऊन लॅबच्या बाकावर बसून राहिली. मालविका कॉलेजातून परस्पर तिथं पोचली तेव्हा खिडकीतून कागद नुकताच बाहेर आला होता. सरजाबाईंनी तो घेतला, उलटसुलट केला आणि तिच्यापुढं धरला.

“वाचा.”

उपाशीपोटी साखर: एकशे एकतीस. तीनशे बारावरून उतरली होती.