टेक म्हणायची मुभा

अण्णांची घरसामान हलवायची कंपनी होती, आणि त्यांच्या काळात घर हलवणं म्हणजे नुसता आरडाओरडा. कपाट जिन्यात शिरलं की वरचा हमाल खालच्यावर खेकसायचा, खालचा वरच्यावर आणि अण्णांचा मेहुणा, म्हणजे मामा, दोघांवर. शेजारीपाजारी दारं उघडून तमाशा बघायचे. पण त्या सगळ्या गोंगाटात एका शब्दाला मान होता: टेक. ओझ्याला हात लावलेल्या कुणीही ‘टेक’ म्हटलं की बाकीच्यांनी असेल तिथे ओझं टेकवायचं. का, कशाला, आत्ताच का, असलं काही विचारायचं नाही. हात घसरत असो, दम लागलेला असो, नाहीतर नाक खाजत असो. नाक खाजतंय म्हणून टेक म्हणण्यात मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा तर त्याने एका सराफाची तिजोरी भर रस्त्यात टेकवायला लावली आणि निवांत शिंकला. सराफ लालबुंद झाला. अण्णा मात्र म्हणाले, “खांदा त्याचा आहे शेठ, मी कसा बोलणार?”

ताई अण्णांची एकुलती एक. सुट्टी लागली की ती ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसायची. गोणपाटाचा आणि सुतळीचा तो वास, रिकाम्या झालेल्या खोलीत घुमणारे आवाज, भिंतीला पाठ लावून चहा पिणारे, एकमेकांची टर उडवणारे हमाल. आता ती स्वतः मालकीण झाली होती, पण ते दिवस ती विसरली नव्हती. अण्णा गेले. जुनी माणसं एकेक करून थकली. उरला एकटा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. तो खोकी भरायला बसायचा आणि ताईला शहाणपण शिकवायचा.

माणसं मिळेनात म्हणून ताईने एका मुकादमाकडून सहाजण घेतले. लांबच्या मुलखातले. मुकादम बोलायला साखरेसारखा. माणसं वेळेवर यायची, पडेल ते उचलायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाहीत. ताईला वाटलं, याला म्हणतात शिस्त! ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायला लागली, “आमच्या माणसांचा आवाज म्हणून येत नाही.”

“मला तर बाई या शांततेत पेंग येते,” मामा म्हणाला. ताईने त्याच्या बोलण्याकडे कानाडोळा केला.

एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मास्तरीणबाईंचं घर हलवायचं होतं. त्यांचं जुनं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. खालच्या अंगाला होता तो उंच माणूस, ज्याला बाकीचे लंबू म्हणायचे. ताई वरून बघत होती. कपाट आणि कठडा यांच्यामध्ये लंबूचा हात चेंगरत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग त्याने कठड्यावरून खाली अंगणात बघितलं, तिथे मुकादम फोनवर हसत उभा होता. बाकीच्यांनीही आधी तिकडेच बघितलं.

“टेक!” ताई ओरडली. “अरे टेक, टेक!”

कपाट टेकलं. लंबूची बोटं भराभर सुजत होती.

“म्हणाला का नाहीस? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी?”

“तुम्ही सांगितलं,” लंबू पुटपुटला. “मग मुकादमानेही सांगितलं.” आणि त्याने पुन्हा खाली बघितलं.

ताई वर खोकी भरत बसलेल्या मामाकडे गेली आणि हळूच म्हणाली, “मामा, मुकादमाला घेऊन गोदामात जा. दोर आणायला. आणि लवकर येऊ नका.”

मामा काय समजायचं ते समजला. “अहो मुकादम, जरा हात द्या, माझे गुडघे म्हणजे विचारू नका,” असं विव्हळत त्याने मुकादमाच्या दंडाला जी मिठी मारली ती सुटेना.

रिकाम्या खोलीत ताई त्या सहाजणांबरोबर जमिनीवर बसली. चहा आला. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. ओळखपत्रं मुकादमाकडे. झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप. घरी फोन करायचा तो त्याच्यासमोर.

“आधी आम्ही सातजण होतो,” लंबू म्हणाला. “सातवा एका कामावर टेक म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो नव्हताच.”

ताईला स्वतःची भयंकर लाज वाटली. हीच शांतता ती गिऱ्हाइकांना मिरवून दाखवत होती!

“मी कामगार अधिकाऱ्यांना बोलावते,” ती म्हणाली. “पण तुम्ही हो म्हणालात तरच.”

सगळ्यांनी लंबूकडे बघितलं. लंबूने होकाराची मान हलवली, आणि ताईने तिथूनच फोन लावला.

मुकादम परत आला आणि खोलीतली ही बैठक बघताच त्याची साखर विरघळली. “बाकीच्या कंपन्या असल्या चौकशा करत नाहीत, ताई. आत्ता माणसं नेली तर तुमचं कपाट जिन्यातच राहील. आणि पुढची कामं? तीही गेली समजा.”

“राहू दे जिन्यात,” ताई म्हणाली. ती दारातून हलली नाही. अधिकारी बाई पोलिसांना घेऊन आल्या तेव्हाच ती बाजूला झाली.

कुलूप उघडलं, ओळखपत्रं परत मिळाली. सातवाही सापडला, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच एका कंपनीचं सामान वाहताना. कपाट मात्र चार दिवस जिन्यात होतं आणि अख्खी इमारत अंग चोरून वर-खाली करत होती. ताईची बरीच कामं खरोखरच हातची गेली. आता कुणाकडूनही माणसं घ्यायची झाली की ती आधी त्यांची झोपायची खोली बघून येते आणि एकेका माणसाशी वेगळं बोलते. मुकादम लोकांना ती नकोशी झाली आहे.

पण सगळे सुटले त्या दिवशी मनातून ती खूश होती. तिने लंबूला बोलावलं. “आता माझ्याकडेच राहा. सगळेच राहा. पगार थेट हातात, खोलीची किल्ली तुमची तुमच्याकडे.” तिच्या डोळ्यांसमोर अण्णांचे दिवस उभे राहिले होते, तोच गोंगाट, तीच टिंगलटवाळी.

“नको, ताई,” लंबू म्हणाला.

“अरे, नीट विचार तर कर.”

“नको. मला घरी जायचंय.”

ताईला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोला. मग ती त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाली, “बरं,” आणि तिने ट्रकची किल्ली काढली.

बसस्टँडपर्यंत तो तिच्या शेजारी केबिनमध्ये बसला होता. आईच्या खोकल्याबद्दल, धाकट्या बहिणीच्या हट्टीपणाबद्दल, घरामागच्या खोडकर शेळीबद्दल तो वाटभर बोलत राहिला, आणि ताईला मध्ये एक शब्द टाकायला मिळाला नाही.