एकाच पॅकेजच्या दोन प्रती

किनवटच्या जंगलातल्या एका मुलींच्या वसतिगृहात साखराबाई अधीक्षिका होत्या. मुलींना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि दिल्या की मोबाईलवरच्या अॅपमध्ये नोंद करायची, हे काम त्या मनापासून करायच्या. तरीही एक दिवस लातूरच्या संस्थेतून त्यांना फोन आला. महिनाभरात तुमच्याकडे एकाही मुलीला गोळी दिलेली दिसत नाही, मग गोळ्या गेल्या कुठे?

ते अॅप तयार झालं होतं नांदेडला, शारिकच्या छोट्याशा कंपनीत, आणि त्यातला बराचसा भाग उज्वलाने लिहिला होता. उज्वला अहमदपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. लातूरला शिकली. वर्गातल्या निम्म्या मुली पुण्याला गेल्या, ती मात्र नांदेडला राहिली. वसतिगृहांचं हे अॅप हे तिचं पहिलं मोठं काम, आणि कुणी त्याचं नाव काढलं तरी तिचा चेहरा खुलायचा.

त्या सकाळी शारिक तिच्या टेबलाशी आला तो मान खाली घालूनच.

"लातूरहून संस्थेच्या डॉक्टर शिल्पाताईंचा फोन होता. किनवटकडच्या बायका नोंदीच करून नाही राहिल्या म्हणे. साखराबाईला कामावरून काढायचं चाललंय."

"आणि नोंदी केल्या असतील तर?"

"मग अॅप चुकलं. म्हणजे आपण चुकलो." शारिकने खुर्ची ओढली. "पण आपण इथं किती वेळा चालवून पाहिलं! बराबर चालतं."

ते खरं होतं. उज्वलाने पुन्हा चालवून पाहिलं. नोंद केली की अहवालात दिसत होती. तिने साखराबाईंना फोन लावला. आवाज तुटक येत होता, पण बोलणं स्पष्ट होतं.

"मॅडम, म्या सोताच्या हातानं गोळ्या दिल्या. पोरींनी माझ्याम्होरं गिळल्या. मोबाईलवर हिरवी खूण बी आली. आता म्या खोटं बोलून राहिले म्हनत्यात. इतक्या वर्षांत कुनी बोट न्हाई दाखवलं माझ्याकडं."

तिकडे रडू दाबल्यासारखा आवाज झाला आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वला किनवटच्या गाडीत बसली. स्टेशनवर उतरून जीपने वसतिगृहापर्यंत गेली. साखराबाईंनी तिला चहाही विचारला नाही, सरळ मोबाईल हातात दिला. "तुमीच पाहा."

उज्वलाने त्यांनाच नोंद करायला सांगितली. एक मुलगी आली, गोळी घेतली, पाणी प्यायली. साखराबाईंनी नाव शोधलं, बटण दाबलं, हिरवी खूण आली. मग उज्वलाने आठवड्याचा अहवाल उघडला. त्या मुलीच्या नावापुढे कोरं होतं.

बाई खरं बोलत होत्या. डोळ्यांदेखत केलेली नोंद तिच्याच अॅपने गिळली होती.

"मावशी, इथं रेंज कधी असते?"

"कधीमधी. त्या टेकाडावर गेलं तर."

दोघी टेकाडावर गेल्या. तिथे रेंज होती. तिथे केलेली नवी नोंद लगेच अहवालात उमटली. खाली उतरल्यावर रेंज गेली, पुन्हा नोंद केली, पुन्हा कोरं. आता कुठे उज्वलाला कळलं की नांदेडला हे का दिसत नव्हतं. इंटरनेट असलं की नोंद थेट लातूरला जात होती. नसलं की ती मोबाईलमध्येच साठायची आणि नंतर अहवाल तिथून ती उचलायचा आणि रेंज आली की लातूरला पाठवायचा. घोळ त्या उचलण्यात होता. नांदेडच्या ऑफिसात इंटरनेट कधी जातच नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर शारिक म्हणाला, "अहवालाचं सगळं काढून टाकू. नव्यानं लिहू. महिना लागेल."

"महिनाभर मावशींनी काय करायचं? खोटं ठरून बसायचं?" उज्वला म्हणाली. "मला आजचा दिवस द्या, शारिकभाई."

अॅपमध्ये सगळंच काही त्यांनी स्वतः लिहिलेलं नव्हतं. असं कुणी लिहीतही नाही. जगभरच्या लोकांनी तयार करून ठेवलेली पॅकेजं, म्हणजे कोडचे गठ्ठे, आणायची आणि आपल्या कामाला जोडायची. ती आणून जागेवर लावण्याचं काम एनपीएम नावाचा पॅकेज मॅनेजर करतो. मोबाईलमध्ये नोंदी साठवायला त्यांनी असंच एक पॅकेज घेतलं होतं, आणि अहवाल तयार करायला दुसरं. मागच्या महिन्यात उज्वलानेच साठवणीच्या पॅकेजची नवी आवृत्ती आणली होती. तक्रारीही तेव्हापासूनच्याच होत्या.

तिने एनपीएमला विचारलं, हे साठवणीचं पॅकेज आपल्या प्रकल्पात कुठे कुठे आहे, कुणी कुणी आणलंय? पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखी उतरंड उमटली. एका फांदीवर नवी आवृत्ती, तिने आणलेली. आणि खाली, अहवालाच्या पॅकेजच्या पोटात, त्याच नावाची जुनी आवृत्ती.

उज्वला खुर्चीतून उठलीच. "शारिकभाई! एक नाही, दोन आहेत!"

शारिक धावत आला. "दोन कशा? नाव तर एकच."

"नाव एक, प्रती दोन. आपल्या घरात एकाच दुकानाची दोन कॅलेंडरं आली समजा. आई दुधाच्या खुणा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करते आणि बाबा हिशेब पाहतात ओसरीवरच्या कॅलेंडरवर. त्यांना काय दिसणार? दूध आलंच नाही."

शारिक एकदम हसला. "म्हणजे बाईच्या नोंदी कुठंच गेल्या नाहीत!"

"सगळ्या त्यांच्या मोबाईलमध्येच आहेत. नव्या प्रतीने ठेवल्यात. अहवाल जुन्या प्रतीत शोधतोय."

दोन्ही प्रती एकत्र करायची आज्ञा एनपीएममध्ये असते. तिने ती दिली, पण काही बदललं नाही. अहवालाचं पॅकेज जुन्या आवृत्तीवर अडून बसलं होतं, त्याला नवी चालतच नव्हती. मग तिने प्रकल्पातच नियम घातला की या नावाची एकच प्रत राहील, नवी. तेव्हा अहवाल उघडेचना, कारण तो जुन्या पद्धतीने नोंदी मागत होता. हात टेकावेत अशी वेळ होती, पण साखराबाईंचा तुटक आवाज तिच्या कानातून जात नव्हता. तिने अहवालाच्या पॅकेजचा मूळ कोड उघडला. कुण्या परक्या देशातल्या माणसाने लिहिलेला, कधी न पाहिलेला. ओळीओळीने वाचत गेली. जुनी पद्धत होती तिथे नवी घातली, सगळ्या चाचण्या चालवल्या, ऑफिसचं इंटरनेट बंद करून नोंद केली आणि अहवाल उघडला.

नोंद समोर होती.

एनपीएमला तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी त्या नावाची प्रत एकच होती. ऑफिसातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि शारिकने खालच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी खारी आणि चहा मागवला. जाता जाता उज्वलाने केलेला बदल त्या परक्या लेखकालाही पाठवून दिला.

नवं अॅप किनवटला पोहोचलं तसे साखराबाईंच्या मोबाईलमधले सगळे आठवडे एकामागून एक लातूरला उमटत गेले. एकाही मुलीचं नाव सुटलेलं नव्हतं.

त्या महिन्याची बैठक लातूरला होती. सगळ्या अधीक्षिका जमल्या होत्या, उज्वला आणि शारिकही गेले होते. शिल्पाताई उभ्या राहिल्या. "साखराबाई, मी तुमच्यावर शंका घेतली. चूक माझी होती. तुमच्या वसतिगृहाच्या नोंदी सगळ्यांत पूर्ण आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. साखराबाई पदर सावरत उठल्या. "ताई, तुमाला जे दिसलं ते तुमी बोललात. पर ही पोरगी माझा सबूद खरा मानून जंगलात आली. हिला म्होरं बोलवा."

उज्वला पुढे गेली. "आमच्या अॅपमध्ये एक गोष्ट दोनदा आली होती," एवढंच ती म्हणाली. "ती आता नीट केली आहे. चूक आमची होती, मावशींची नव्हती." साखराबाईंनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला आणि बैठक संपेपर्यंत तिला जवळच बसवून घेतलं.

परतीची एसटी अहमदपूरला थांबली, तेव्हा तिचे वडील अमृतराव डबा घेऊन स्टँडवर उभे होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "झालं काम?"

"झालं, बाबा. आणि ऐका ना, तो परदेशातला माणूस होता ना, त्याने माझा बदल घेतला. आता जगात कुणीही ते पॅकेज वापरलं तर त्यात मी लिहिलेलं असणार. माझं नावही घातलंय त्याने."

"जगात?" अमृतरावांनी डबा तिच्या हातात द्यायचं विसरून विचारलं. "अन् गावाचं नाव?"

"नावापुढे अहमदपूर लिहिलंय मी."

कंडक्टरने घंटी वाजवली. अमृतरावांनी घाईघाईने डबा आत सरकवला आणि गाडीबरोबर चार पावलं चालत, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लई झ्याक केलंस बघ!"

शारिक शेजारच्या सीटवर हसत होता. उज्वलाने डबा मांडीवर घेतला, ताठ बसली, आणि गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली.