गाडी रक्तात असलेलं घर

नंदिनीने ब्रेक दाबला आणि तिचा पाय नुसताच खाली गेला, थेट तळाला टेकला. कृष्णपुऱ्याच्या पुलावर संध्याकाळची गर्दी होती आणि समोर केळ्यांनी भरलेला हातठेला. तिने पाय उचलून परत दाबला, परत दाबला. तिसऱ्या खेपेला ब्रेक लागला आणि गाडी ठेल्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर बसलेल्या आठ वर्षांच्या संबोधीने विचारलं, आपण इथे का थांबलो? नंदिनीने हँडब्रेक ओढला.

गाडी गॅरेजमधून येऊन चारच दिवस झाले होते. ब्रेक किरकिरत होते म्हणून शाम मेकॅनिककडे नवे पॅड टाकून घेतले होते. किरकिर गेली, पण पेडल लोण्यासारखं मऊ झालं. दुसऱ्याच दिवशी ती तक्रार घेऊन गेली, तेव्हा शामने बॉनेटमधून डोकं वर न काढताच सांगितलं होतं की नवे पॅड आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. बॉनेटमध्ये डोकं घालून बोलणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात. तिनेही ठेवला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. पंचशील पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात टेबलाशी बसून फाइली पुढे सरकवायचा. पण त्याचे आजोबा महूच्या छावणीत पलटणीचा ट्रक चालवत, एवढ्या भांडवलावर घरातले सगळे पुरुष स्वतःला गाड्यांचे जाणकार समजत. गाडी आमच्या रक्तात आहे, असं सासरे आनंदराव लग्नाच्या बैठकीतच म्हणाले होते. ते रक्त पंचशीलपर्यंत येईतो इतकं पातळ झालं होतं की त्याला बॉनेट उघडता यायचं ते फक्त वायपरचं पाणी भरण्यापुरतं. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो.

तरीही तो मोठ्या ऐटीत खाली उतरला. स्नेहलतागंजच्या त्या अरुंद गल्लीत उभ्या गाडीत बसला, फटाफट चार वेळा पेडल मारलं आणि काच खाली केली.

"एकदम टाइट आहे. तुझा वहम आहे, नंदू."

"असं भराभर मारलं की टाइट होतंच. एकदाच दाबा आणि दाबून धरा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणत तो उतरला आणि गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवून वर गेला. जिन्यात त्याने आनंदरावांना काहीतरी सांगितलं, आणि दोघे हसल्याचं तिला खालपर्यंत ऐकू आलं.

तिला त्या हसण्याचा राग आला नाही, किळस आली. ती शहराबाहेर, सांवेरच्या बँकेत नोकरीला होती. रोज सकाळी संबोधीला शाळेत सोडायचं आणि पुढे हमरस्त्याने जायचं. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आडव्या येतात, बस मागून अंगावर येतात. उद्या तिथे पेडल तळाला गेलं, तर तिसऱ्यांदा दाबायला वेळ मिळणार नव्हता. हे सांगायला कुणाचे आजोबा पलटणीत असायची गरज नव्हती.

सकाळी तिने बँकेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, संबोधीला शेजारणीच्या मुलीबरोबर रिक्षाने शाळेत पाठवलं आणि पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, दोन गल्ल्या पलीकडच्या गॅरेजात गाडी नेली. रस्ताभर तिने शामला सुनवायची वाक्यं जुळवली. माणसांच्या जिवावर उठलेला निष्काळजी, अडाणी माणूस, असं बरंच काही त्यात होतं.

शामने तिला बघताच हात पुसले आणि भियांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पाठवून द्या, त्यांना समजावतो, असं तो म्हणाला. नंदिनीने गाडीचं दार उघडून धरलं.

"बसा. पेडल दाबा आणि पाय उचलू नका."

शाम बसला. पेडल हळूहळू खाली गेलं, तळाला लागलं. तो तसाच बसून राहिला. त्याला काडीचंही आश्चर्य वाटलं नव्हतं, हे नंदिनीच्या लक्षात आलं आणि जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मॅडमजी, मास्टर सिलिंडर गेलेलं आहे. आतलं रबर घिसलेलं आहे, ब्रेकचा दाब टिकत नाही. मी तर पहिल्याच दिवशी बोललो होतो."

"मला नाही बोललात."

शामने खिशातून मोबाइल काढला. गिऱ्हाइकाचा होकार किंवा नकार तो नेहमी आवाजी निरोपातच मागवून घेत असे, म्हणजे नंतर कुणी पलटत नाही. गाडी नंदिनीच्या नावावर होती, तिच्या पगारातून आलेली होती. नंबर मात्र शामकडे पंचशीलचा होता. गाडीचं बोलायचं तर घरातल्या पुरुषाशी, हा त्याचा रिवाज. त्याने खालमानेने पंचशीलचा निरोप लावला.

"अरे शाम भिया, सिलिंडर-विलिंडर रहने दो. पॅड टाकलेत ना, बस झालं. मॅडम चालवते, चाळीसच्या वर जातच नाही. आवाज बंद कर आणि दे. काही बोललीच तर सांग, नवे पॅड आहेत, सेट व्हायला टाइम लगता है."

शेवटी तो हसला होता. तेच जिन्यातलं हसणं.

नंदिनीने निरोप दुसऱ्यांदा लावायला सांगितला नाही. तिने पंचशीलला फोन केला आणि गाडी अडलीय, या, एवढंच म्हणाली. मग शामच्या स्टुलावर बसून राहिली. शामविषयी तिला आता नुसती कीव वाटत होती. त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने तिला ते शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं होतं. पण ज्याने शिकवलं, त्याच्यासाठी तिला शब्द सापडेना. लग्नाच्या बारा वर्षांत पंचशील एकदाही तिच्या शेजारी बसला नव्हता. दोघं असली की स्टिअरिंग त्याचंच. चाळीसचा आकडा त्याने मनानेच ठरवला होता.

पंचशील अर्ध्या तासात आला, सगळं माहीत असलेल्या माणसाच्या चालीने. तिने त्यालाही सीटवर बसवलं आणि पेडल दाबून धरायला लावलं. ते खाली जायला लागलं तसा त्याचा चेहरा बदलला.

"शाम, आत्ताच्या आत्ता सिलिंडर बदल," तो म्हणाला. स्वतःच्या पायाखालून पेडल गेल्यावर त्याला निर्णय घ्यायला एवढाच वेळ लागला. आणि मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. अशी गाडी तू बाईमाणसाच्या हातात देतोस, मुलगी असते गाडीत, काही लाज आहे का. शाम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "चूक झाली, भिया." त्याने नंदिनीकडे पाहिलं नाही. पुरुषाची अब्रू राखायची, एवढी मेकॅनिकी त्याला पक्की येत होती.

सिलिंडर बसलं, ब्रेकचं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढून झाली. नंदिनीने स्वतः पेडल दाबून धरलं. ते अर्ध्यावर थांबलं आणि तिथून हललं नाही. पंचशीलने किल्लीसाठी हात पुढे केला.

"आण, ट्रायल घेतो."

"ट्रायल मी घेते. तुम्ही बसा बाजूला."

शामच्या देखत वाद नको म्हणून असेल, तो बसला. तिने गाडी स्टेशनावरून काढून सरळ सांवेरच्या रस्त्याला लावली. गावाबाहेर पडेपर्यंत तो शामच्या हलगर्जीपणाबद्दल बोलत होता.

"तुमचा निरोप ऐकवलाय त्यांनी मला," नंदिनी म्हणाली. "पूर्ण."

तिने ॲक्सिलरेटर दाबला. काटा साठावर गेला, सत्तरवर, मग ऐंशीवर. पुढे गव्हाची पोती लादलेली एक ट्रॉली संथपणे चालली होती. नंदिनीला तिचं अंतर रोजच्या सवयीने ठाऊक होतं, तिला घाई नव्हती. शेजारी पंचशीलचा उजवा पाय ताठ झाला आणि त्याने जोर लावून खालची चटई दाबली. मग परत दाबली.

नंदिनीने ते पाहिलं.

"ब्रेक लागतोय का?" तिने विचारलं, आणि ट्रॉली अजून बरीच लांब असतानाच शांतपणे ब्रेकवर पाय ठेवला.