चार बोटं ओहोटी

थेली मेली तेव्हा भरती पूर्ण होती. त्या दिवसापासून समुद्र तिथेच थांबला आहे. बारा वर्षं मी रोज सकाळी धक्क्यावरच्या खांबाशी जाते, पाणी कुठवर आहे ते पाहते आणि त्याच खुणेवर पुन्हा छिन्नी चालवते. खूण आता इतकी खोल झाली आहे की माझं अर्धं बोट तिच्यात बसतं. हे काम आईकडून माझ्याकडे आलं.

थेली भरती-ओहोटीची देवी, ओरुम डोंगरातल्या आगीचा देव. त्यांचं युद्ध कशावरून पेटलं याच्या आमच्या नेमार गावात तीन हकिकती आहेत आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. थेली ज्या खाडीत झोपायची ती ओरुमच्या सैन्याला कोणी दाखवली, याबद्दल मात्र दुमत नाही. बारौक नावाड्याने. त्याची मुलगी सिरुन तेव्हा डोंगरावर ओलीस होती. त्याने खाडी दाखवली आणि मुलगी परत आली. पुढे ओरुमही विझला. त्याच्या डोंगरावर आता मेंढ्या चरतात.

आमच्याकडे माणूस शेवटाला आला की त्याला पाण्याच्या पायरीवर बसवतात, पावलं पाण्यात ठेवून. ओहोटी लागते, पाणी पावलांवरून उतरतं आणि त्याच्याबरोबर जीव जातो. गेल्या बारा वर्षांत एकतीस माणसं पावलं बुडालेलीच असताना गेली. ती अजून पायरीवर बसून आहेत असं लोक मानतात, म्हणून सगळे कडेने उतरतात. त्यांत माझी आई आहे, धक्क्याच्या पायरीवर. मीही कडेने उतरते.

त्या सकाळी खांबापाशी सिरुन आली.

"इलामताई, बाबांना पायरीवर बसवलंय. एकच विचारतायत, ओहोटी लागली का? तू येऊन लागली म्हण ना. तुझं ते खरं मानतील."

"नाही म्हणणार."

"एक शब्द, ताई."

"खोटी खूण मी कधी केली नाही, सिरुन."

"मग बसू देत तसेच? सगळ्या गावाला तेच हवंय. तुलाही."

मला ते नको होतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. मी छिन्नी पुसली आणि तिच्याबरोबर गेले.

बारौकच्या घराची पायरी समुद्रात उतरत नाही, मिठागराच्या कोंडीत, बांधाने अडवलेल्या तळ्यात उतरते. समुद्राचं पाणी तिथे बांधातल्या लाकडी दारातून येतं. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. बारौक भिंतीला टेकून बसला होता. पाणी त्याच्या घोट्यांखाली होतं, पावलं पूर्ण बुडालेली. मी कोंडी पावलांनी मोजली. चाळीस लांब, वीस रुंद.

"खोटं सांगायची गरज नाही," मी सिरुनला म्हणाले. "उघाडी लाव. एक बोट पाणी उतरवायला साधारण आठशे घागरी लागतील. पावलं उघडी व्हायला चार बोटं."

"बत्तीसशे? आपण दोघी?"

"दोघींना दोन दिवस पुरणार नाहीत," मी म्हणाले आणि पहिली घागर बांधापलीकडे समुद्रात ओतली.

साठाव्या घागरीला येश्रामावशी बांधावर आली. तिचा नवरा याच कोंडीत मिठाचं काम करायचा. तो तीन दिवस पायरीवर बसून, पावलं बुडालेलीच असताना गेला होता.

"काय चाललंय?"

मी सांगितलं. तिने बारौकच्या बुडालेल्या पावलांकडे पाहिलं. मग सिरुनकडे वळली.

"अशी धरतात घागर? कंबर मोडून घेशील. मिठागरात जन्मलीस ना गं तू?"

तिने घागर ओढून घेतली. थोड्या वेळाने तिची सून आली, मग शेजारघरातली सगळी. कोणी कोणाला बोलावलं नाही. दुपारी मी मोजलं तेव्हा एकेचाळीस जण होते आणि पाणी अडीच बोटं उतरलं होतं.

बारौकने डोळे उघडले.

"येश्रा," तो म्हणाला, "घामाचा वास येतोय गं या ओहोटीला."

"गप बस, म्हाताऱ्या. पाय हलवू नकोस. वर उचलून फसवशील."

"खाडी मीच दाखवली."

"ठाऊक आहे. माझी पोर डोंगरावर असती तर मीही दाखवली असती." तिने घागर बुडवली. "म्हणून तर बारा वर्षं तुझं तोंड बघवत नव्हतं."

सिरुन ओतायची थांबली. "थांबू नकोस," येश्रामावशी तिच्यावर खेकसली, "अजून दीड बोट आहे."

उन्हं कलायच्या आधी पाणी त्याच्या टाचांखाली गेलं. पावलं पांढरी पडली होती, सुरकुतलेली. बारौकने ती वाकून पाहिली. "इलाम, किती?"

"चार बोटं."

"खरं?"

"मोजलंय, काका."

त्याने मान डोलावली. पावलं सुकायच्या आत तो गेला. सिरुनने त्याची बोटं पुसली, एकेक.

मी पायरीवर दोन खुणा कोरल्या, सकाळची आणि आत्ताची. मधे चार बोटं. समुद्रातलं पाणी किती वाढलं ते मोजण्यासारखं नव्हतं.

लोक अजून बांधावर बसून होते. येश्रामावशी हाताचे फोड बघत होती.

"उद्या उघाडी उघडून कोंडी भरा," ती म्हणाली. "परवा या पायरीवर माझा नवरा बसेल, त्याची ओहोटी करू."

"मग माझी बहीण," कोणीतरी म्हणालं. मग आणखी नावं. मी ती क्रमाने लक्षात ठेवत गेले. तीस झाली.

"आणि तुझी आई?" येश्रामावशीने विचारलं. "तिला कधी बसवायची?"

"शेवटी," मी म्हणाले. "सगळ्यांची खूण झाल्याशिवाय ती धक्का सोडायची नाही."