शाई उतरली, जनुक तिथंच

बेकरीच्या कणीक मळायच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टी थंड, पराती भिंतीला टेकवलेल्या, आणि ज्या टेबलावर रोज मैदा पसरायचा त्यावर पांढरी चादर अंथरून जनुकबाबा उभे. कोट डॉक्टरचा, दाढी साधूची, जीभ मलम विकणाऱ्याची. तीन दुकानांचा माल एकाच अंगावर.

बेकरीवाल्याची थोरली बहीण मागे भिंतीला टेकून उभी होती. भावाच्या पोरींची आत्या, म्हणून सगळा मोहल्लाही तिला आत्याच म्हणे. तीस वर्षं तिनं याच टेबलावर कणीक मळलेली.

भावाची नऊ वर्षांची लेक वर्षभर पोटदुखीनं वाळत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आतड्याचा कणभर तुकडा तपासला आणि सांगितलं की हा सीलिअॅक आजार, गव्हातल्या ग्लूटेननं हिचं आतडं आतून झिजतंय. गहू बंद झाला आणि चार महिन्यांत पोरीच्या गालांवर पुन्हा सकाळ उगवली. मग घरातल्या सगळ्यांची जनुकं तपासली. तिच्या धाकट्या बहिणीत, बापात आणि आत्यातही ते जोखमीचं जनुक निघालं. बाईंनी समजावलं होतं, की दर तिघा-चौघांत एकाला ते असतं आणि बहुतेकांना काही होत नाही. ज्याच्यात नाही त्याची काळजी जवळजवळ मिटली. ज्याच्यात आहे त्याचं अधूनमधून रक्त तपासायचं.

आत्याला हे पटलं. भावाला पटेना. पाव भाजणाऱ्याच्या लेकीला पावच विष, आणि ते आपल्याच रक्तातून गेलं, हा घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. बाबाला नेमकी तीच फट सापडली.

बाबांनी काचेच्या पेल्यातल्या गढूळ पाण्यात 'वंशदर्शक अर्का'चे थेंब टाकले. पाणी शाईसारखं काळंनिळं झालं. सात पिढ्यांचा डाग हा असा दिसतो, म्हणाले. विज्ञान तो नुसता मोजतं, आपण धुतो. मग पोरीला एक पांढरी गोळी चघळायला दिली आणि पेल्यात थुंकायला लावलं. काळं पाणी क्षणात पांढुरकं झालं. खोलीभर हुंकार उठला. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"वंश निर्मळ झाला," बाबा म्हणाले. "आता बापानं स्वतःच्या हातानं लेकीला पाव भरवावा."

ताजा पाव पुढे आला. पोरगी बापाकडे पाहत होती, बाप पावाकडे. आत्या गर्दी सारत पुढे आली.

"बाबा, माझ्यातही तेच जनुक आहे. मलाही द्या की गोळी."

नाही म्हणायला बाबांना सवड मिळाली नाही. आत्यानं गोळी जिभेवर ठेवली. आंबटढाण. ही चव तिच्या जिभेला परकी नव्हती. पाव चांगला फुगावा म्हणून कणकेत चिमूटभर टाकतात ती पूड अशीच लागते, आणि तिचा डबा बाबांच्याच डोक्यावरच्या फळीवर होता.

तिनं डबा काढला. "आणखी एक पेला काळा करा."

"श्रद्धा नसलेल्या हातानं चमत्कार आटतो, बाई."

"आटू दे. मी पाणी घालीन."

लोक हसले, आणि हसल्यावर त्यांना बघायचंही होतं. पेला काळा झाला. आत्यानं चमचाभर पूड टाकून ढवळलं. शाई उतरली.

"आता मी कुणाचा वंश धुतला?" तिनं चमचा वर धरला. "याचा?"

बाबा म्हणाले, पूड त्यांच्या सान्निध्यानं सिद्ध झाली. आत्या म्हणाली, "तीस वर्षं या फळीवर आहे. तेव्हा तुम्ही कुठं सिद्ध होत होता?"

बाबांनी चादर गुंडाळायला घेतली तशी खालून मैद्याच्या पाण्याची बाटली घरंगळली. अर्क म्हणजे जखमेवर लावायचं आयोडिन. पिठाच्या पाण्यात ते पडलं की पाणी काळंनिळं होतं, आणि गोळीतल्या न् पुडीतल्या आंबट क-जीवनसत्त्वानं तो रंग जातो. थुंकी राजाची असो की चोराची. जनुक शरीराच्या पेशीपेशीत असतं. ते थुंकून जात नाही. जायची गरजही नाही. आत्या ते जनुक घेऊन पन्नास वर्षं पाव खातेय, तिची तपासणी साफ आहे. पोरीला मात्र आजारच आहे, आणि त्यावर गहू, जव अशी ग्लूटेनची धान्यं टाळणं एवढाच इलाज.

भावानं पाव मागे घेतला. "ताई, मी भरवणार होतो गं तिला," एवढंच म्हणाला.

"भरव की. पण तिचा तिला चालेल तो."

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्यांदा घरच्या स्वयंपाकघरात, मैद्याच्या धुळीपासून लांब, तांदळाच्या पिठाचा पाव भाजला. भिंतीत बसवता आला असता इतका टणक. पोरीनं तो सगळा खाल्ला. बाबा दुसऱ्या मोहल्ल्यात पेले मांडतील. तिथं कुणीतरी एवढंच करावं. टाळी वाजवण्याआधी गोळी चाखून पाहावी, आणि लेकरापुढे घास धरण्याआधी तपासणी काय सांगते ते डॉक्टरला विचारावं.