पाइनखालचं दाताळं

मित्रांनो, मी एक जुनं दाताळं आहे. हाताने ओढायचं नव्हे, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं. एका आडव्या लोखंडी दांड्याला विळ्यासारखे वाकलेले पोलादी दात आणि प्रत्येक दाताच्या बुडाशी स्प्रिंगचं वेटोळं, एवढाच माझा संसार. या वेटोळ्यांमुळे मला जन्मापासून स्वस्थ बसणं जमलेलं नाही. शेजारून ट्रक गेला तरी माझे दात थरथरतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही लाल, चकचकीत होतो. पहिल्या मालकाने माझ्याकडून वर्षानुवर्षं वाळलं गवत गोळा करून घेतलं आणि शेत विकताना मलाही मातीमोल भावाने काढून टाकलं. मग अवजारांच्या दुकानामागच्या अंगणात, पत्र्याच्या कडेला, मी गंजत उभा राहिलो. भंगारवाला येता-जाता मला नजरेनेच तोलायचा. तो दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा.

एके दिवशी दोघी जावा आल्या. थोरलीच्या खांद्यावर पोतं होतं. त्यांच्या घराभोवती पाइनची उंच झाडं होती. पाइनची सुयांसारखी पानं वर्षभर गळतात, वाळतात आणि ठिणगी पडली की भडकतात. आदल्या उन्हाळ्यात माळावरची आग त्या सुयांवरून सरपटत थेट स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आली होती. घाबरून दोघींनी भाड्याने एक जाडजूड दाताळं आणलं, तर त्याने सुयांबरोबर जमिनीलगतची मुळंही ओरबाडली. दोन झाडं उभ्या उभ्या वाळली. ती सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली होती. सासूबाई कित्येक दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

दुकानदाराने नवंकोरं, रुंद दाताळं पुढे केलं. "हे न्या ताई. दगडसुद्धा उपटून काढेल."

"तेच तर नकोय," थोरली म्हणाली आणि तिने पोतं अंगणात रिकामं केलं. सुया, काटक्या, पाइनची लाकडी फळं आणि वाळलेल्या झाडाचं एक मूळ. ते मूळ तिने जमिनीत अर्धवट पुरलं. "आता यावरून ओढून दाखवा."

नव्या दाताळ्याने मूळ उपटून कुंपणापाशी भिरकावलं. थोरलीने ते उचलून पुन्हा पुरलं. तेवढ्यात धाकटीची नजर माझ्यावर पडली. "ते कोपऱ्यातलं?"

"जुनं झालंय हो ते. दात हलतात त्याचे."

"हलू देत की. आमच्या सासूबाईंचेही हलतात, पण ताटात काही उरत नाही."

मला जोडलं, ओढलं. मुळापाशी माझे दात मागे झुकले, वर उचलले गेले आणि पलीकडे अलगद टेकले. सुया गोळा झाल्या, मूळ जागच्या जागी राहिलं. ज्या हलत्या दातांची मला लाज वाटायची, त्यांनीच मला भंगारातून सोडवलं.

नंतरची वर्षं सुखात गेली. थोरली ट्रॅक्टर चालवायची, मी झाडांखालून फिरायचो आणि सुयांची लांबलचक वळकटी मागे राहायची. सासूबाई काठी टेकत मुळं बघत यायच्या आणि म्हणायच्या, "शहाणं आहे गं हे."

आग पुन्हा घराकडे फिरकली नाही. पण काही घडेनासं झालं की माणसं निर्धास्त होतात. आधी आज-उद्या सुरू झालं, मग माझ्या अंगावर रिकामी पोती येऊन पडली. यंदा सुया घोट्यापर्यंत साचल्या आणि वर गरम वारा सुटला. शेडमध्ये माझे दात सारखे वाजत होते, पण लक्ष देणार कोण?

आज दुपारी सासूबाई शेडमध्ये आल्या. एकेक पोतं ओढून त्यांनी बाजूला टाकलं आणि माझ्या दांड्यावर ठाण मांडलं.

"आई, चला ना, ताटं वाढलीत," धाकटी दारातून म्हणाली.

"आधी याला जोडा. मग जेवते."

"उद्या काढू की. इतकी वर्षं काही झालंय का?"

सासूबाईंनी काठी माझ्या दातांवर टेकवली. "का नाही झालं गं?"

धाकटी ताटं झाकायला वळली. थोरली ट्रॅक्टरकडे गेली.

मित्रांनो, अजून अर्धंच आवार झालं आहे. वारा थांबलेला नाही, जेवणं खोळंबली आहेत आणि माझ्या जिवाला अजून थारा नाही. तुमच्याकडेही कोपऱ्यात कुणीतरी असेल, ज्याच्यामुळे आजवर काही बिघडलेलं नाही. त्याच्या अंगावरची पोती आजच काढा.